एरॉलसाठी थांबू नये

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने.

मी, श्रीमती जुलियाना बेसिल तुस्कानो, वय वर्षे शहात्तर, धर्म ख्रिस्ती, निवृत्त शिक्षिका, राहणार पापडी, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या अकलेने आणि कोणी भरीस न घालता लिहून ठेवते. माझे मन ठिकाणावर आहे असा दाखला डॉ. प्रिस्का यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी तिने मला कागदावर घड्याळाचे चित्र काढायला लावले आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. ती माझी विद्यार्थिनी. सातवीत तिची स्वतःची वजाबाकी कशी होती ते मी तिथल्या तिथे बोलून दाखवले. त्यावर ती म्हणाली, "टीचर, एवढं आठवतंय ना, मग दाखला घ्या आणि चहा घ्या."

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझे वकील ॲड. चंद्रहास चुरी यांनी एक मसुदा करून दिला होता. तो दीड पानाचा होता आणि माझे नाव वगळता त्यात माझे असे काही नव्हते. मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, मन लिहू नये, असे त्यांचे मत पडले. मी बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, निष्कर्षाआधी कृती लिहायची असते हे मुलांच्या कानीकपाळी ओरडले. तेव्हा कायद्यापुरते शब्द वकिलांचे, बाकीचे माझे.

कलम १. माझे पती बेसिल तुस्कानो हे जानेवारी २०२३ मध्ये वारले. आम्हांला दोन मुले: एरॉल, जो कॅनडात असतो, आणि मर्लिन, जी नायगावला टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहते. मर्लिनची मुलगी अनुष्का. बेसिलचे थोरले बंधू आग्नेल हे भिंतीपलीकडे राहतात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मर्लिनने करावी.

कलम २. राहते घर मी मर्लिनला देते. पुढची खोली मात्र एरॉल येईल तेव्हा त्याची. त्याच्या शाळेतल्या ट्रॉफ्या तिथेच राहू द्याव्यात, त्या कॅनडाला न्यायला तो तयार नाही आणि फेकायला मी तयार नाही. विहिरीचे पाणी अर्धे आमचे, अर्धे आग्नेलभाऊंचे, हे पूर्वापार आहे. दोन घरांमधली भिंत आग्नेलभाऊंनी बांधली तेव्हा ती आमच्या बाजूला हातभर आत आली. हद्दीचा जुना दगड कुठे पुरला आहे हे बेसिलला माहीत होते, त्याने तो पायाने दाखवलाही होता. मग म्हणाला, "जाऊ दे, भाऊ हाय." मी जाऊ दिलेले नाही, पण मर्लिनने जाऊ द्यावे. दगड अजून तिथेच आहे.

कलम ३. केळीची वाडी दोन्ही मुलांना सारखी वाटून. एरॉलला त्याचा वाटा विकायचा आहे, हे मला ठाऊक आहे. फोनवर तो "मार्केट काय चाललंय" असे विचारतो तेव्हा त्याला भाजीबाजार अभिप्रेत नसतो. विकावे, माझी हरकत नाही. आधी मर्लिनला विचारावे एवढेच.

कलम ४. माझी सोन्याची पोत आणि बांगड्या अनुष्काला. तिने त्या मोडून दुसरे काही केले तरी चालेल. ठेवणीतले लाल लुगडे मात्र मला नेसवावे.

कलम ५. सुकेळी वाळवायच्या बांबूच्या ताट्या, सुऱ्या, आणि पिकलेली राजेळी केळी ठेवायचे मोठे टोपले हे आग्नेलभाऊंचा मुलगा जॉयल याला देते. उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी हा बेसिलचा जोडधंदा होता, आणि पापडीत त्याच्यासारखी कोणी करत नसे. शेवटच्या वर्षी तो मला "बाई, तुमी कोन?" असे विचारत होता, पण ताटीवरचे केळे कधी उलटायचे हे त्याच्या बोटांना कळत होते. मी त्याच्यासमोर बसून केळी सोलून देत असे. ती बाई चांगले काम करते, असे तो मर्लिनला म्हणाला होता. हे मी शाबासकी म्हणून ठेवून घेतले आहे.

कलम ६. माझे थोरले दीर आग्नेल तुस्कानो यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. वाचणाऱ्याने लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत. कारण पुढे येईल.

कलम ७. आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले ते.

बेसिलची आठवण ही आमच्या आळीची सामाईक मालमत्ता होती. कोणाच्या वाडीची हद्द कुठे, कोणाच्या बापाने कोणाला वाट दिली, कोणती विहीर कोणत्या साली बांधून काढली, याचा वाद निघाला की लोक म्हणत, बेसिलला विचारा. ऑक्टोबर हा रोजरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा, महिना. संध्याकाळी आळीतल्या क्रुसापाशी सगळे जमतात, एकाने पुढे उभे राहून प्रार्थना सांगायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे, अशी रीत आहे. पुढे बेसिल उभा राहायचा. पुस्तक त्याने कधी हातात धरले नाही.

एका वर्षी त्याने जपमाळेच्या पाच रहस्यांपैकी दुसरे संपवले आणि पुन्हा दुसरेच सुरू केले. ते संपल्यावर परत तेच. सगळी आळी त्याच्यामागोमाग म्हणत राहिली. पोरे हसू लागली तेव्हा आयांनी त्यांना चिमटे काढले. बेसिलला थांबवायचे कसे, असे प्रत्येकाला वाटले. महिनाभर आमची प्रार्थना लांबत गेली, स्वयंपाक उशिरा झाले, पण मला कोणी एका शब्दाने बोलले नाही. मीही मनाची समजूत घातली. साठी बुद्धी नाठी, या म्हणीचा वाक्यात उपयोग मी स्वतः बदली तासाला मुलांना करून दाखवला होता. पुढच्या ऑक्टोबरातही तेच झाले. आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी प्रेमाने, त्याचा आजार दोन वर्षे झाकून ठेवला.

त्यानंतर चर्चमध्ये सूचना झाली की मुंबईच्या एका संस्थेतले संशोधक म्हातारपणी मेंदूत काय बदल होतो आणि स्मरणशक्ती कशी जाते याचा अभ्यास करत आहेत, ज्यांना इच्छा असेल त्यांनी नाव द्यावे. बेसिलने स्वतः नाव दिले. अशा रीतीने डॉ. ज्ञानदा आमच्या घरी येऊ लागली. वर्षातून एकदा यायची, ओट्यावर बसून त्याला तारीख, वार, गावाचे नाव विचारायची, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारायची. दुसऱ्या वर्षी बेसिल तिला म्हणाला, "मॅडम, तुमी दर खेपेला त्येच विचारता. तुमी पन विसरता काय?" ती इतकी हसली की तिचे पेन ओट्याखाली गेले.

मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी द्यायचा की नाही हेही त्या अभ्यासात विचारले होते. जिवंतपणी घेतलेल्या चाचण्या आणि नंतर पाहिलेला मेंदू, दोन्ही शेजारी ठेवले तरच कळते की कुठे काय बिघडले होते. बेसिलला तेव्हा सगळे कळत होते. तो म्हणाला, "उगडून बगा, नि माज्या पोरांना सांगा कुटला फ्यूज उडाला. त्यांचा तरी वाचवता येतो काय बगा." आणि सही केली.

या कामाला सरकारी अनुदान होते. मी ज्ञानदाला खोदखोदून विचारत असे, कारण शाळेतली प्रयोगशाळा बिनपैशांची चालवून माझे आयुष्य गेले होते. यंत्राला पैसे लवकर मंजूर होतात, कारण यंत्रापाशी उभे राहून फोटो काढता येतो. मेंदू गोठवून ठेवायचे मोठे कपाट त्यांना मिळाले होते. गाडी, वेळी-अवेळी धावून जाणारा माणूस आणि घरोघर जाऊन नातेवाइकांना समजावणारा माणूस, हे खर्च दर वर्षी कापले जात. "टीचर, कपाट आहे, त्यात ठेवायला काही नाही," असे ती एकदा म्हणाली होती. मी आमच्या उत्सव कमिटीकडे गेले आणि शिल्लक पैशांतून थोडे या कामाला द्या म्हणाले. लहान मुलांच्या आजाराला लोक देतात, कॅन्सरला देतात. कमिटीतले एक गृहस्थ, त्यांचे नाव लिहीत नाही कारण ते आता हयात नाहीत, मला म्हणाले, "टीचर, म्हातारचळावर कसलं संशोधन?" त्या पैशांची मांडवावर रोषणाई झाली. छान झाली होती, हेही लिहिते.

कलम ८. बेसिल गेला तो सकाळी, चहा गार होईपर्यंत. माझा आवाज ऐकून आग्नेलभाऊ आधी धावत आले. भावाचे डोळे त्यांनी मिटले. मर्लिन आली, तिने ज्ञानदाला कळवले, मग एरॉलला फोन लावला. तो रडत म्हणाला, "आई, मी येईपर्यंत पप्पांना कोणी हात लावू नका. प्लीज."

आमच्याकडे हे काही नवीन नाही. वसईतल्या कॅथॉलिक घरांत निदान एक तरी मूल परदेशी असते, आणि ते पोहोचेपर्यंत मयत थांबते. बर्फाची पेटी येते, आळीतल्या बाया आळीपाळीने बसतात, प्रार्थना चालू राहतात. मुलाने आईबापाचे तोंड पाहिल्याशिवाय माती देणे हे आमच्यात पाप समजतात. मला स्वतःला ही रीत आवडते, आजही आवडते.

ज्ञानदा भाड्याची टॅक्सी करून एका डॉक्टरांना घेऊन आली तेव्हा आग्नेलभाऊ फाटकात उभे होते.

"पोरगा येत नाय तवर कोन हात लावनार नाय."

मी बाहेर जाऊन म्हणाले, "भाऊ, बेसिलने सही केली आहे."

"केली आसंल. पन मरताना त्याला ती सही आटवत तरी व्हती काय?"

वर्गात कोणत्याही पोराला निरुत्तर करणारी बाई मी, फाटकात उभी राहिले आणि गप्प झाले. मेंदू काही तासांच्या आत न्यावा लागतो. ज्ञानदा गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीत बराच वेळ थांबली होती, असे जॉयलने मला नंतर सांगितले.

एरॉल चौथ्या दिवशी पोहोचला. पेटीवर वाकून म्हणाला, "पप्पा झोपलेत असं वाटतंय."

माती झाल्यावर काही आठवड्यांनी मी ज्ञानदाला विचारले की त्या दिवशी तू नेमके काय करणार होतीस. ती म्हणाली, "टीचर, संध्याकाळपर्यंत काकांना परत आणलं असतं. छेद मागच्या बाजूला असतो, केसांखाली. चेहऱ्याला काही होत नाही. मग तुम्ही एरॉलसाठी चार दिवस थांबलात तरी चाललं असतं."

म्हणजे भांडण नव्हतेच. एरॉलला बापाचा तोच चेहरा पाहायला मिळाला असता आणि बेसिलचा शब्दही राहिला असता. दोन्ही मिळत असताना आम्ही एकच घेतले. हे आधी का नाही सांगितलेस, असे मी तिच्यावर चिडून विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, "फॉर्मवर होतं. पण बसून समजवायला माणूस यायला हवा होता, आणि तो खर्च मंजूर नव्हता."

नंतर कळले की वसईतून ज्यांनी नावे दिली होती त्यांच्यातले जे गेले, त्यांच्यापैकी एकाचाही मेंदू वेळेत पोहोचला नाही. सगळ्यांची मुले दुबई, कुवेत, न्यूझीलंड, कॅनडा. सगळी घरे थांबली. अनुदानाची मुदत संपली तेव्हा वरून शेरा आला की उद्दिष्ट साध्य झाले नाही, आणि आमच्याकडचे ते काम बंद पडले. वर्षानुवर्षे ओट्यावर बसून विचारलेले ते प्रश्न आता नुसते कागदावर आहेत. शेरा लिहिणाऱ्याला पापडी कुठे आहे हेही माहीत नसेल, पण त्याने लिहिले ते खरेच होते. मला या गोष्टीचे फार वाईट वाटते. बेसिल गेल्यापेक्षा जास्त, असे लिहिले तर लोक मला नावे ठेवतील. ठेवू देत.

आग्नेलभाऊंच्या प्रश्नाचे उत्तर मला नंतर सुचले. ते येथे नोंदवते. नाही, बेसिलला ती सही आठवत नव्हती. म्हणून तर ती आम्ही आठवायची होती.

कलम ९. पापडी नाक्यावरचे माझे दोन गाळे आणि बँकेतल्या सर्व मुदतठेवी मी म्हातारपणातील मेंदू व स्मरणशक्ती यांच्या संशोधनासाठी देते. गाळ्यांचे भाडे दर वर्षी या कामाला जावे. त्यातल्या शिंप्याला कोणी उठवू नये. पैसे डॉ. ज्ञानदा ज्या संस्थेत असतील तिला द्यावेत, आणि ते पुढील कामांनाच वापरावेत: एक गाडी व चालक, हाक मारल्यावर कोणत्याही वेळी निघेल असा डॉक्टर, आणि एक समजूतदार माणूस, जो नाव देणाऱ्यांच्या घरी आधीच जाऊन बसेल, परदेशातल्या मुलांना व्हिडिओ कॉल लावेल, आणि चेहरा तसाच राहतो हे त्यांना त्यांच्या बोलीत सांगेल. तो माणूस वसईचा असावा. चहा नाकारणारा नसावा.

या पैशांतून यंत्र, इमारत, परदेश दौरा, सत्कार, शाल किंवा नारळ घेऊ नये. आमच्या नावाची पाटी लावू नये. संस्थेला अटी जाचक वाटल्या तर मर्लिनने दुसरी संस्था शोधावी. एरॉल, हे गाळे तुला हवे होते हे मला माहीत आहे. रागावलास तर थोडे रागाव.

कलम १०. मी माझा मेंदू या अभ्यासासाठी देत आहे; आमच्याकडचे काम बंद असले तरी कपाट आहे, आणि फोन आला की स्वतः येईन असा शब्द ज्ञानदाने दिला आहे. मला विसरण्याचा आजार नाही. पण ज्ञानदा म्हणते, तुलनेला न विसरणारे मेंदूही लागतात आणि ते तर कोणीच देत नाही. मी काहीही विसरलेले नाही. ते फाटक, ती टॅक्सी, माझे गप्प राहणे, सगळे जसेच्या तसे आहे. निदान त्याचा कोणाला उपयोग व्हावा. फादरांना विचारले आहे, त्यांची हरकत नाही.

माझे प्राण गेल्यावर आधी ज्ञानदाला फोन करावा, मग डॉ. प्रिस्काला, मग मुलांना. एरॉलसाठी थांबू नये. संध्याकाळी मी परत येईन, त्यानंतर हवे तितके थांबावे. एरॉल, बाळा, तू चौथ्या दिवशी ये नाहीतर आठव्या दिवशी ये, मी पेटीत तुझी वाट पाहत असेन. माझा चेहरा तुझ्यासाठी तसाच असेल. तुझ्या पप्पांच्या वेळी तू काही चूक केली नाहीस. तुला कोणी सांगितलेच नव्हते.

कलम ११. वकिलांनी एक अडचण दाखवली. मृत्युपत्र माती झाल्यावर उघडतात. तोवर कलम १० माझ्यासकट जमिनीत गेलेले असेल. शिवाय मर्लिनला नायगावहून यायला वेळ लागतो आणि आल्यावर ती रडत बसेल. म्हणजे ज्याला हे आधी माहीत असेल आणि जो सगळ्यांत आधी माझ्या दारात येईल, असा माणूस हवा. असा एकच आहे. तो भिंतीपलीकडे राहतो.

मी हे कागद घेऊन आग्नेलभाऊंकडे गेले. साक्षीदार व्हाल का, असे विचारले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असा कायदा आहे, म्हणून तुम्हांला काही ठेवलेले नाही, हेही सांगितले. ते म्हणाले, "मला काय पायजेल तुझ्याकडून? भिंत तर मी आदीच घेतली." आमच्यात भिंतीचा विषय त्यांनी पहिल्यांदाच काढला.

मग मी त्यांना सगळे वाचून दाखवले, आठवे कलमसुद्धा. चेहरा तसाच राहतो या वाक्याला त्यांनी मला थांबवले.

"बेसिलचापन तसाच रायला आसता?"

"हो, भाऊ."

"आन संद्याकाळी परत?"

"संध्याकाळी परत."

ते म्हणाले, "धाववं परत वाच." मी दहावे कलम पुन्हा वाचले. साक्षीदार होतो की नाही ते त्यांनी सांगितले नाही. उद्या सकाळी वकील येतील तेव्हा बघू, एवढेच म्हणाले. ते आले नाहीत तर त्यांच्या जागी शिंपी सही करील. पण शिंपी माझ्या दारात पहिला येणारा नाही.

कलम १२. मला बेसिलच्या शेजारी माती द्यावी. जेवणावळीत सुकेळी ठेवावी, जॉयलला जमली तर. प्रार्थना सांगताना कोणी चुकले, तर त्याला तिथेच हळूच थांबवावे आणि घरी जाऊन त्याच्या माणसांना सांगावे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, पूर्ण शुद्धीत लिहिला असून तो माझा अखेरचा शब्द आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी यावर सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

ठिकाण: पापडी, वसई
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५

सही: जुलियाना बेसिल तुस्कानो

साक्षीदार १: डॉ. प्रिस्का डाबरे, पापडी. (सही)

साक्षीदार २: आग्नेल तुस्कानो, पापडी. (सही)
धाववं कलम मला दोन डाव वाचून दाकवलं. फोन मी करीन. एरॉलसाठी थांबनार नाय. आन मी आदी गेलो, तर माझ्यासाठी त्याच मॅडमला फोन जुलियानानं करावा.